न बोलावता घेतलेला तास

भोरमधून चीनला जाऊन तिथल्या मुलांना हिंदी शिकवणारी आजवर एकच निघाली, आणि तिला पाचवीपासून हिंदी मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्या भानगडीत नाक खुपसलं असं कुणी म्हणायला नको. आमचे हे म्हणतातच. "सुलू, निवृत्त होऊन जमाना झाला, आता लोकांच्या वह्या तपासणं थांबव," असं शरच्चंद्रांचं दिवसातून एकदा असतंच. म्हणू देत. ज्याला माणसांविषयी कुतूहल नाही त्यानं मास्तरकी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर पोरगी म्हणजे प्रेरणा. हिर्डोशीची. वरंध घाटाच्या रस्त्याला धरणाच्या पाण्याकाठानं जात राहिलं की डोंगरात ते गाव लागतं. भात, नाचणी, आणि आली तर एसटी. वडील आनंदराव, आई बाळाबाई, दोघं शेतात. ही शाळेसाठी भोरच्या वसतिगृहात राहायची. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण विचारलं की उत्तर बरोबर. मला अशा मुलांचा भारी राग येतो. अगं, येतंय ना, मग सांग की! पण नाही. दुसऱ्या कुणाला उत्तर आलं नाही तर त्या मुलीला हळूच कुजबुजून सांगेल, स्वतः गप्प. एकदा मी दोघींनाही उभं केलं होतं.

पुढे तिनं पुण्याला हिंदीत एम.ए. केलं आणि तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्वावर म्हणजे काय, ते ज्याच्या घरात कुणी केलंय त्यालाच कळतं. आज या कॉलेजात दोन तास, उद्या त्या कॉलेजात, जूनमध्ये बोलावतील की नाही याची खात्री नाही, आणि स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी असेल तरच बसायचं. अशी किती वर्षं काढली पोरीनं. मग एक दिवस फोन. "बाई, मी चीनला चालले."

"कशाला?"

"हिंदी शिकवायला."

"चीनमध्ये? तिथे कुणाला पडलंय हिंदीचं?"

"पडलंय बाई. विद्यापीठात अख्खा विभाग आहे."

मला दोन दिवस झोप लागेना. चिनी मुलं 'क्ष' कसा म्हणत असतील? त्यांना सकाळी चहा लागतो का? यांनी मला नकाशा काढून दिला, तरी माझं समाधान झालं नाही.

पहिली दोन वर्षं तिकडच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे आपल्या जुलैत, ती आली तेव्हा आधी आमच्याकडे. कापूरहोळला उतरायची, तिथून भोर, आमच्याकडे चहा, आणि मग हिर्डोशी. मी तिला नुसती पिळून काढायची. तिकडे आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, त्यामुळे वर्षभराचे प्रश्न साठलेले असायचे. तिनं सांगितलेलं सगळंच नवल. दुपारी जेवण झालं की तिथे ऑफिसातली माणसं झोपतात. चोरून नाही, राजरोस! घडीची खाट कपाटाआड ठेवलेली असते, ती उघडायची आणि आडवं व्हायचं. आमचे हे म्हणाले, "मी उगाच भोरच्या कोर्टात नोकरी केली."

आणि नावं! तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला परकी भाषा शिकताना त्या भाषेतलं एक नाव घ्यायचं असतं, आणि ते शिक्षकानं द्यायचं. प्रेरणानं काय नावं द्यावीत? एका उंच, लाजऱ्या मुलाचं नाव गोरख. हे तिच्या मामाचं. एका बडबड्या मुलीचं नाव नीरा. हे आमच्या नदीचं. आणखी एक माऊली होता. फोटोत ती चिनी पोरं ओळीनं उभी, आणि ही बोट दाखवून सांगतेय, "हा गोरख, ही नीरा." मी इतकी हसले की मला ठसका लागला. पण खरं सांगू, आतून भरूनही आलं. आमची नीरा कुठल्या कुठे जाऊन पोचली.

शेफालीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते या नावांवरूनच. शेफाली लखनौची. तिथे हिंदीच्या अशा दोनच भारतीय शिक्षिका, शेफाली आणि प्रेरणा. शेफाली जुनी, प्रेरणा नवी. ऑफिसात एकच खोली, समोरासमोर टेबलं. विभागाच्या प्रमुख लो मॅडम, चिनी बाई, पण हिंदी अशी बोलतात की रेडिओवर बसवावं. तर शेफालीनं भर बैठकीत लो मॅडमना सांगितलं, ही काय नावं आहेत? आम्ही भाषा शिकवतोय की गावची जत्रा भरवलीय? आणि पुढच्या सत्रात ती मुलं तिच्या वर्गात गेली तेव्हा तिनं गोरखचा अनुराग केला आणि नीराची निहारिका.

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बाई, त्यांची मातृभाषा हिंदी आहे. माझी शिकलेली. तसं त्यांनी मला सांगितलं पण."

मी हातातली बशी आपटली. फुटली नाही, जाड होती. शिकलेली म्हणजे काय, माझ्याकडून शिकलेली! माझा अपमान लखनौच्या कुठल्या बाईनं चीनमध्ये बसून करावा? यांनी मला पाणी दिलं.

पुढचं मी तुकड्यातुकड्यानं काढून घेतलं. दोघींचं खिडकीवरून बिनसलं, एकीला उघडी हवी, एकीला बंद. दुपारी प्रेरणा आडवी झाली की शेफाली मुद्दाम घरी फोन लावून मोठ्यानं बोलायची. किटली शेफालीची होती, म्हणून प्रेरणानं स्वतःची आणली. एकाच खोलीत दोन किटल्या शिट्ट्या घालायच्या. चिनी शिक्षक दारातून डोकवायचे आणि परत जायचे. सासुरवास परवडला म्हणावं. पण पोरगी तिथे टिकून होती, कारण वर्गात ती सुखात होती. तासाला उभी राहिली की तिची ती मेली कुजबुज जायची, असं तीच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं टेबल मिळालं होतं, आणि ते कुणी जूनमध्ये काढून घेत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी जुलैत मी वाट बघत होते. लाडू करून ठेवले होते. ती आलीच नाही. एका सकाळी बाजारात हनुमंत भेटला. हा भोर-हिर्डोशी वडापची जीप चालवतो, आणि त्याच्या जीपमध्ये कोण बसलं हे त्यानं कधी स्वतःपाशी ठेवलेलं नाही.

"बाई, प्रेरणाताई आठवडा झाला येऊन. तुमाला ठावं न्हाई? माझ्याच गाडीतनं गेल्या. दोन मोठाल्या बॅगा. कायमच्या आल्यात जणू."

"काही बोलली?"

"न्हाई वो. मी लई इचारलं. खिडकीबाहीर बघत व्हत्या."

आठवडा! आणि भोरवरून गेली, आमच्या गल्लीच्या तोंडावरून! मला वाईट वाटलं, राग आला, आणि दोन्हीपेक्षा जास्त कुतूहल वाटलं. काय झालंय? मी लाडवांचा डबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी हनुमंताच्या जीपमध्ये जाऊन बसले. हे म्हणाले, "पावसात कुठे?" मी म्हटलं, "गृहपाठ तपासायला."

हिर्डोशीत भाताची लावणी चालू होती. बाळाबाई ओट्यावर बसलेल्या, उजव्या मनगटाला प्लॅस्टर. चिखलात घसरून पडल्या होत्या. लावणीच्या दिवसांत हात मोडणं म्हणजे काय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"या बाई. बसा. पोरगी खाचरात हाय. चीनवरनं आली ती थेट चिखलात. काय बोलंना, काय सांगंना. तुमी तरी इचारा."

खाचर घरापुढंच. आनंदराव पलीकडच्या खाचरात चिखल करत होते आणि प्रेरणा एकटी रोपं लावत होती. डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतलेला. मी बांधावर छत्री धरून उभी राहिले. तिनं वर बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी ओरडायचं ठरवलं होतं ते विसरले.

"बाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या पावसात?"

"तू आली नाहीस म्हणून. वर ये. लाडू खा आणि सांग."

ती वर आली. बांधालगतच्या उंबराखाली आम्ही एका कागदाखाली बसलो, आणि तिनं सांगितलं.

हिवाळ्यानंतर लो मॅडमनी बैठकीत जाहीर केलं होतं की सप्टेंबरपासून हिंदीला नवी तुकडी घेणार नाहीत. दोन भारतीय शिक्षिकांची गरज उरणार नाही, एकीचाच करार वाढेल. तेव्हापासून त्या खोलीत दोघी अशा बसायच्या की मध्ये सुरी ठेवलीय. आणि मे महिन्यात एका सकाळी शेफालीच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दोघींची क्वार्टर्स समोरासमोर. प्रेरणा धावली. शेफाली जमिनीवर भिंत धरून बसलेली, डोळे मिटलेले. मान हलवली की घर फिरतंय म्हणत होती. प्रेरणानं तिला उचलून निजवलं, पडदे ओढले, लिंबूपाणी दिलं.

"त्या म्हणाल्या, माझा पहिला तास आहे. ऑफिसला फोन करते. मोबाईल चाचपायला लागल्या. मी म्हटलं, उजेडानं त्रास होईल, राहू दे. मोबाईल लांब टेबलावर ठेवला. झोपा, मी बघते. आणि त्यांचा डोळा लागला."

"मग?"

"मग मी जाऊन त्यांचा तास घेतला."

"चांगलं केलंस की!"

"बाई, आमच्याकडे सावड असते ना. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. रोपं वाट बघत नाहीत. माझ्या डोक्यात तेवढंच. तास रिकामा जाऊ नये."

पण त्या विद्यापीठात तसं चालत नाही. आजारी पडलात तर आधी कळवायचं, मग तास पुढे ढकलतात, कुणी काही बोलत नाही. न कळवता गैरहजर, आणि जागेवर परस्पर दुसरंच माणूस, तर त्याला ते 'अध्यापन-अपघात' म्हणतात. रस्त्यावरच्या अपघातासारखी त्याची रीतसर नोंद होते. आणि तिथे निवृत्त झालेले प्राध्यापक अचानक कुठल्याही वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात, तपासायला. त्या दिवशी एक आजोबा येऊन बसले. शेफालीच्या जागी दुसरीच बाई.

हे ऐकून मला वाटलं, अरे वा, निवृत्तांना काम देणारा देश आहे! पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

अपघात शेफालीच्या नावावर लागला. ती सांगत राहिली की मी फोन करणार होते, हिनं मोबाईल काढून घेतला. ते कुणालाच पटेना. असं कोण करतं? नोकरी जाते म्हटल्यावर माणूस काहीही सांगतो, असंच वाटणार. सुट्टी लागायच्या दिवशी शेफाली जिन्यात प्रेरणाला म्हणाली, "तू हे ठरवून केलंस. शाबास." आणि आता लो मॅडमनी प्रेरणाला एकच प्रश्न लिहून पाठवला होता. शेफालीनं तुला तास घ्यायला सांगितलं होतं का? हो म्हटलं, तर शेफाली गेली आणि प्रेरणा राहिली. नाही म्हटलं, मी माझ्या मनानं गेले म्हटलं, तर अपघात प्रेरणाच्या नावावर. महिनाअखेरीच्या आत कळवायचं होतं.

"आणि उत्तरच दिलं नाही तर?"

"तर आहे तसंच. शेफाली गेली."

मी म्हटलं, "मग गप्प बस. एक अक्षर लिहू नकोस. तुला खोटं बोलायचं नाही ना? नको बोलूस. नुसती गप्प बस. ज्या बाईनं तुझा गोरख पुसला, तुझी नीरा पुसली, तिच्यासाठी तू परत कुठल्या कॉलेजात रिकामी खुर्ची शोधत फिरणार? मी नाही फिरू देणार!"

"तेच तर करतेय बाई आठवडाभर. गप्प बसतेय." असं म्हणून ती उठली आणि परत चिखलात उतरली.

तेवढ्यात समोरच्या बांधावर एक बाई येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, डोक्यावर कागद, पाय अनवाणी. लावणीलाच आल्यासारखी. पण उतरेना. नुसती उभी. पाऊस धो धो, आणि ही खांबासारखी.

"ही कोण?"

"ठकुबाई. आमची चुलत काकू," प्रेरणा वाकल्या वाकल्या म्हणाली. "आई आणि ती बोलत नाहीत. बांधावरून भांडण आहे. मी शाळेत होते तेव्हापासूनचं."

"मग आली कशाला?"

"आईचा हात मोडलाय ना. सावडीला आलीय."

"मग उतरत का नाही? मुहूर्त लागतो का?"

"बोलावल्याशिवाय कसं उतरणार? दुसऱ्याच्या खाचरात न बोलावता कुणी पाय टाकत नाही बाई. बांधापर्यंत यायचं. पुढचं ज्याचं खाचर त्यानं म्हणायचं. न बोलावता उतरलं म्हणजे या घरात आता काही राम राहिला नाही, आम्हीच उरकून टाकतो, असं होतं. मदत नाही होत ती, तो..."

आणि ती थांबली. हातात रोपांची जुडी, तशीच वाकलेली. मला वाटलं पाठीत उसण भरली.

"काय गं?"

ती सरळ उभी राहिली. तिनं ठकुबाईकडे बघितलं.

"बाई, मी शेफालीला विचारलं नाही. ती फोन करत होती आणि मी तिचा मोबाईल उचलून ठेवला." मग अगदी हळू, शाळेतल्यासारखं कुजबुजून म्हणाली, "आणि त्या तासाला मला बरं वाटलं होतं. मुलं हसत होती. गोरखला मी गोरख म्हणून हाक मारली. मनात म्हटलं, बघू दे सगळ्यांना हिच्यापेक्षा कोण चांगलं शिकवतं. ती खोलीत पडलेली, आणि मी तिच्या खाचरात उतरून मिरवत होते."

मी लाडवांचा डबा बंद केला.

तिकडे ओट्यावरून बाळाबाईंचंही लक्ष होतंच. त्या तोंड फिरवून बसल्या, मग परत बघितलं, मग परत फिरवलं. शेवटी डावा हात वर करून खेकसल्या, "ठके! काय सोंग घिऊन हुबी हायस तवापास्नं? ये की खाली! का पालखी धाडू?"

"बोलावशील तवा यीन ना!" ठकुबाईही तेवढ्याच जोरात म्हणाली आणि उतरली. झरझर रोपं लावायला लागली. दोघींनी पुन्हा एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. मात्र दुपारी बाळाबाईंनी सगळ्यांच्या आधी तिच्या पुढ्यात भाकरी ठेवली.

प्रेरणानं त्याच दुपारी हातपाय धुऊन मोबाईलवर उत्तर लिहिलं. घरात रेंज येत नाही म्हणून वर देवळापाशी गेली, मी मागोमाग. मी शेवटपर्यंत म्हणत होते, अगं विचार कर, अगं थांब. ती म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं?" मी म्हटलं, "मी शेफालीच्या तोंडावर पाणी मारून तिलाच तासाला धाडलं असतं." ती हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. लो मॅडमना तिनं लिहिलं की शेफालीनं सांगितलं नव्हतं, ती कळवणार होती, मोबाईल मी बाजूला ठेवला, अपघात माझा. आणि दुसरं एक शेफालीला लिहिलं, हिंदीत, लांबलचक. त्यात बांधावरची ठकुबाई होती. माफीचा शब्द मी वरून वाचला, बाकी तिनं स्क्रीन झाकली.

तिचा करार गेला. लो मॅडमनी फार गोड भाषेत कळवलं. ती भोरला आमच्या घरी येऊन रडली, पोटभर रडली, आणि मीही. मग परत तासिका तत्त्वावर. सोमवार, बुधवार भोर, उरलेले दिवस पुण्याकडे, आणि संध्याकाळी मोबाईलवर शिकवण्या. हाताशी काही नाही, जूनची खात्री नाही, पहिल्यापासून सुरू. आणि शेफाली? एक ओळ नाही! वर्षभरात एक ओळ नाही. मी विचारायची, काही आलं का? प्रेरणा मान हलवायची. मी त्या बाईला लखनौपर्यंत ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. हे म्हणायचे, "सुलू, बीपी."

पुढच्या जुलैत एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर पन्नाशीची एक उंच बाई, सुती सलवार-कमीज, भिजलेली, पायात चांगल्या सँडल. मागे रस्त्यावर हनुमंत जीपमधून माझ्याकडे डोळे विस्फारून बघतोय.

"आप सुलू बाई हैं? प्रेरणा ने लिखा था, पहले आपके यहाँ चाय पीनी पड़ती है।"

शेफाली! दुसरी कोण असणार? मी चहा ठेवला. ती बसली. तिच्या हिंदीत चूक शोधायचा मी जीव तोडून प्रयत्न केला. सापडली नाही, त्याचाही राग आला. कशाला आलीस, विचारलं. तर म्हणाली, चहा छान आहे. इतके दिवस का लिहिलं नाहीस, विचारलं. तेव्हा कपाकडे बघत म्हणाली, रोज लिहायला बसायचे, आणि लिहिणं फार सोपं आहे असं वाटून उठायचे. बास. मी चप्पल घातली आणि हनुमंताला म्हटलं, "चल." वाटेत धरणाचं पाणी बघताना तिनं एकदाच विचारलं, ही नीरा का? मी हो म्हटलं. ती खिडकीतून वळून बघत राहिली.

हिर्डोशीत खाचरात प्रेरणा होती, बाळाबाई होत्या, हात बरा झालेला, आणि ठकुबाई होती. पाऊस बारीक. आम्ही बांधावर पोचलो. मी हाक मारणार तेवढ्यात शेफालीनं माझा हात धरला.

तिनं सँडल काढल्या. सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली, ओढणी कमरेला बांधली. आणि बांधावर उभी राहिली.

"उतर ना," मी म्हटलं.

"अभी बुलाया नहीं है," ती म्हणाली.

प्रेरणानं मान वर केली. हातातली जुडी चिखलात पडली. शेफालीचे पाय थंडीनं पांढरे पडले होते, पण ती हलेना. मला वाटलं आता माझंच काहीतरी होणार.

"ही कोन गं, लांब नाकाची?" ठकुबाईनं विचारलं.

"माझ्या बरोबर शिकवायच्या," प्रेरणा म्हणाली.

"सावडीला आल्यात?"

प्रेरणानं मान डोलावली.

"मग बोलाव की! का दिसभर हुबी ठेवतीस पाव्हणीला? तुजी आय बी अशीच हाय."

"ठके, तुज्या जिभंला हाड न्हाई," बाळाबाई म्हणाल्या, पण त्यांनी शेजारची जागा मोकळी केली.

प्रेरणानं तोंडावरचं पाणी पुसलं. पाऊस होता की काय होतं, मी विचारलं नाही. मग तिनं हाक मारली. वर्गात कधी हात वर न करणारी ती पोरगी, तिची हाक त्या दिवशी पलीकडच्या डोंगरापर्यंत गेली.

"शेफालीजी, या! खाली या!"

शेफाली उतरली. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतली आणि प्रेरणाला धरून कशीबशी उभी राहिली. चिखलातच तिनं सांगितलं, गोरख पास झाला. त्याच्या प्रमाणपत्रावर त्याला गोरखच हवं होतं, मी तेच घातलं. मग दोघी वाकल्या. शेफालीनं लावलेली रोपं एकेक करून वर तरंगत होती, आणि ठकुबाई मागून येऊन ती मुकाट्यानं परत रोवत होती.